पदर सावरणारा हात

"सासूबाईंनी मला मारलं, डॉक्टर," असं म्हणून तिने गालावरची ओढणी बाजूला केली. गालफडावर वळ होता, पण बोटांचा नव्हे. मनगटाची मागची बाजू जोरात लागली की उमटतो तसा. बाहेर पाच-सहा पेशंट खोळंबलेले. मी मलम लिहिता लिहिता विचारलं, "भांडण झालं का घरात?"

"भांडण झालं असतं तर समजलं असतं. मी भाकरी थापायला बसले होते, त्या मागून आल्या आणि दिली ठेवून. आणि वर म्हणतात, मी नाय मारलंय."

२०१९ चा जून होता. त्या वर्षी पाऊस फार रेंगाळला, मुंबईत उतरला तो थेट २५ तारखेला. टी. जे. रोडवरच्या माझ्या दवाखान्यातला पंखा नुसती गरम हवा ढवळत होता. हे कुटुंब शिवडीच्या बीडीडी चाळीतलं, बरीच वर्षं माझ्याकडे येणारं. आजी एकाहत्तर वर्षांच्या, कुडाळकडच्या. शुगरची गोळी सात वर्षांपासून चालू. सुनेचं आणि त्यांचं कधी वाजलेलं मी ऐकलं नव्हतं. उलट मागे सुनेला टायफॉइड झाला होता तेव्हा आजीच तिला पेज घेऊन दवाखान्यात बसायच्या. त्यामुळे तो गाल माझ्या डोक्यातून गेला, पण "मी नाय मारलंय" हे वाक्य गेलं नाही. म्हातारपणी स्वभाव अचानक पालटला की आधी विस्मरणाची शंका येते. तीच घेऊन मी दुपारी दवाखाना बंद करून चाळीकडे निघाले.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळी, तळमजला आणि वर तीन मजले. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींच्या पुनर्विकासाचं निदान काही हललं. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर, म्हणून त्या आहेत तिथेच आहेत. संडासाचं मुद्दाम लिहून ठेवते, पुढे ते लागणार आहे.

आजी खाटेवर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला. मी स्टूल ओढलं, त्यांनी पदर सावरला. नातीला पाणी आणायला सांगितलं, पुन्हा सावरला. माझ्याकडे बघून हसताना, मुलाची तक्रार सांगताना, नुसतं गप्प बसल्यावरही डावा हात मांडीवरून उठायचा, डोक्यापाशी जायचा, काठ चिमटीत धरून पुढे ओढायचा आणि परत मांडीवर यायचा. बघणाऱ्याला वाटावं, जुन्या वळणाची बाई, परक्या माणसासमोर अदबीने बसली आहे. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजलं. दोन मिनिटांत अकरा वेळा. पदर एकदाही घसरला नव्हता. खाली डावं पाऊलही चालू होतं, भजनाला ठेका धरावा तसं. फक्त त्या ठेक्याला ताल नव्हता.

"आजी, दोन्ही हात असे समोर धरा बघू."

त्यांनी धरले आणि सोंग संपलं. डावा हात खांद्यापासून भिरकावल्यासारखा बाजूला गेला आणि मांडणीवरचे दोन डबे खाली आले. सून ओट्यापाशी अंग चोरून उभी राहिली. तेवढ्या खोलीत दुसरं जाणार कुठे?

"ह्यो हात माझो नाय गो बाय," आजी म्हणाल्या.

कोरिया म्हणजे हातपाय आपोआप उडण्याचा विकार. त्याच्या पेशंटची ही खोड पुस्तकात एका ओळीत असते. हात आपोआप उडाला की माणूस तो तसाच उडू देत नाही. अर्ध्या वाटेत त्याला काहीतरी काम देऊन टाकतो. केस मागे सारतो, चष्मा नीट करतो, शर्टाचं बटण चाचपतो. लोकांना वाटावं की हात मुद्दामच उचलला होता. आजींनी त्यांच्या हाताला पदराचं काम दिलं होतं. सुरुवातीचे तीन दिवस घरातल्या कुणाच्या लक्षात आलं नाही ते यामुळेच, आणि सुनेच्या गालावर बसला तेव्हा मध्ये पदर पकडायला वेळ मिळाला नव्हता.

मी माझी दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली आणि घट्ट धरून ठेवायला सांगितलं. मूठ आवळायची, सैल व्हायची, पुन्हा आवळायची. इंग्रजी पुस्तकांनी या खुणेला दूध काढणारणीची पकड असं नाव दिलंय. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं, तरी त्या स्वतःच म्हणाल्या, "म्हशीचा दूध काढतंय जणू." आणि हसल्या.

मुलगा म्हणाला, झोपेत हात अगदी शांत असतो. चाळीत त्यावरूनच दोन तट पडले होते. एकाचं म्हणणं, झोपेत थांबतो म्हणजे नाटकच आहे. दुसऱ्याचं, आजी नुकत्याच गावाहून आल्यात, देवाचं काही राहून गेलंय. नारळ आणूनही ठेवला होता गाऱ्हाण्यासाठी. या जातीच्या हालचाली झोपेत बहुतेक थांबतातच, त्यात ढोंग काही नसतं, हे मी मुलाला समजावलं. गाऱ्हाण्याबद्दल काही बोलले नाही. "तुम्ही देवाला काय सांगायचं ते सांगा, मला बोटातला एक थेंब द्या," एवढंच म्हणाले.

ग्लुकोमीटरने आकडा दाखवलाच नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली, एच आणि आय. चौथीतल्या नातीने वाचलं, "आजी, मशीन तुला हाय म्हणतंय!" सगळे हसले. माझ्या यंत्रात ती अक्षरं साखर ६०० च्या पुढे गेल्यावर येतात.

मला लगेच ओळखता आलं, यात हुशारी काही नाही. याआधी मी हे चुकवलं होतं.

१९९७ चा मे. शिवडी कोळीवाड्यातली साठीची बाई, उजवा हात आणि तोंडाची उजवी बाजू वेडीवाकडी हलते म्हणून नवऱ्याबरोबर आली होती. महिन्यापूर्वी तिचा धाकटा भाऊ गेला होता. कोरिया हा शब्द मला ठाऊक होता, पण माझ्या डोक्यात तो मुलांचा आजार होता. शिकत असताना संधिवाताच्या तापानंतर हातपाय उडवणारी, वाटी धरता न येणारी आठ-दहा वर्षांची पोरं पाहिली होती. साठीच्या बाईत तो असा एका बाजूला, असा एकाएकी येईल हे डोक्यात बसलं नाही. मी नवऱ्याला म्हटलं, मनाला लागलंय त्यांच्या. वर "वाताचा थोडा भाग आहे" असंही जोडलं. हे वाक्य मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नव्हतं. आपल्याला कळत नाही तेव्हा आपणही हात उडाला की पदराला नेतो. झोपेची गोळी दिली आणि पाठवून दिलं.

तेव्हा ग्लुकोमीटर माझ्याकडे नव्हता, पण बेनेडिक्टचं द्रावण होतं. परीक्षानळीत पाच मिली द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर ठीक, मग हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी. पाच मिनिटांचं काम. ते केलं नाही, कारण "हिला शुगर नाही" असं नवरा म्हणाला होता. नाही म्हणजे कधी तपासलेली नव्हती, हा त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा ऐकू आला नाही. सहा दिवसांनी ती गुंगीत गेली आणि घरच्यांनी तिला रुग्णालयात हलवलं. ती वाचली, हातही थांबला. महिन्याभराने नवरा डिस्चार्ज कार्ड घेऊन आला. भांडायला नव्हे, रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला. त्या कार्डावर मी या आजाराचं लांबलचक नाव पहिल्यांदा वाचलं. बाई मात्र पुन्हा माझ्या दवाखान्यात आली नाही. रस्त्यात दिसली की ओळखीचं हसायची, आणि ते मला जास्त लागायचं.

त्यानंतर एका मैत्रिणीच्या ओळखीने परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात दोन दुपारी बसले. १९६० साली बेडवेल नावाच्या डॉक्टरने त्याचं वर्णन करून ठेवलेलं होतं. म्हणजे मी डॉक्टर व्हायच्या कितीतरी आधी.

मेंदूच्या खोल भागात करड्या पेशींचे काही गठ्ठे असतात. हालचाल घडवण्याइतकंच, नको असलेल्या हालचाली दाबून ठेवणं हेही त्यांचं काम. ही दाबून ठेवण्याची भाषा बरीचशी गाबा नावाच्या रसायनाची. रक्तात साखर बेसुमार वाढलेली आहे पण कीटोन तयार होत नाहीत, अशा स्थितीत मेंदू इंधन म्हणून हा गाबाच खर्चून टाकतो, असं एक स्पष्टीकरण आहे. कीटोन असते तर त्यांच्यापासून गाबा पुन्हा बनवता आला असता, म्हणून कीटोन नसलेल्या वृद्धांमध्येच हे अधिक दिसतं. दुसरं स्पष्टीकरण घट्ट झालेल्या रक्ताचं: त्या भागातल्या बारीक वाहिन्यांतून ते नीट वाहत नाही. बायकांमध्ये प्रमाण जास्त का, तर पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटतं आणि मेंदूचा हा भाग डोपामीनला जास्त चिडतो, असं काहीजण मांडतात. खरं कारण यातलं एक आहे की सगळी मिळून, याचा निकाल अजून लागलेला नाही. आता या आजाराला डायबेटिक स्ट्रायटोपथी म्हणतात. २०२० मध्ये १७६ रुग्णांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचं सरासरी वय ६७.६ होतं, साखर सरासरी ४१४ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी १३.१. म्हणजे माझं यंत्र 'हाय' म्हणेपर्यंत थांबायचीही गरज नसते.

आजींना त्याच संध्याकाळी दाखल केलं. रात्री काढलेल्या सीटीच्या रिपोर्टात लिहून आलं, उजव्या बाजूला मेंदूत रक्तस्राव. मुलाचा मला साडेअकराला फोन, आवाज फुटलेला, ऑपरेशन करावं लागेल का म्हणून. सीटीवर तो भाग पांढरा दिसतो आणि रक्तही पांढरंच दिसतं. पण रक्त साचलं तर ते आजूबाजूच्या भागाला ढकलतं, सूज येते. इथे पांढरा डाग त्या गठ्ठ्याच्या आकारात अगदी साच्यातून काढल्यासारखा होता, शेजारचं काहीच हललेलं नव्हतं. सकाळी वरिष्ठ फिजिशियनने फिल्म उजेडावर धरली आणि रक्तस्राव खोडला. मग एमआरआयनेही तेच सांगितलं. प्रयोगशाळेत साखर ६४०, लघवीत कीटोन नाहीत.

सलाइन आणि इन्सुलिन. उपचार म्हणाल तर मुख्य हेच. दोन दिवसांत साखर दोनशेच्या घरात आली, आणि हात होता तसाच. मुलगा रोज विचारायचा, "शुगर उतरली ना, मग हात का उतरत नाही?" साखर काही तासांत खाली आणता येते, पेशींची घडी बसायला आठवडे लागतात, काहींना तर साखर ताब्यात आल्यानंतर हालचाली सुरू झाल्याचीही उदाहरणं आहेत. हे मी त्याला सांगितलं, पण खाटेच्या दांडीवर आपटून आपटून आईचं मनगट काळंनिळं झालेलं बघणाऱ्या मुलाला त्यात दिलासा काय वाटणार? दांडीला गोधडी गुंडाळली. हॅलोपेरिडॉलची लहान मात्रा सुरू झाली. हात पुष्कळ शांत झाला, पण आजी लाकडासारख्या ताठ झाल्या, तोंडातून लाळ गळायला लागली. मात्रा अर्ध्यावर आणली तेव्हा कुठे बरं झालं.

साखर इतकी चढली कशी, हे मी सुनेकडून तुकड्यातुकड्याने काढलं. एप्रिलमध्ये आजी लग्नासाठी गावी गेल्या, गोळ्या वीस दिवस पुरल्या. नंतर "आता बरां वाटता" म्हणून राहिल्या. त्यात आंबे, फणस. मुंबईत परतल्या त्या सतत तहान घेऊनच. सगळ्यांनी म्हटलं, उष्णता झाली. मग उष्णतेवर घरचंच औषध: कोकम सरबत, गावाहून आणलेल्या बाटलीतलं, निम्मी साखर असलेलं. दिवसाला पाच-सहा ग्लास. साखरेने लागलेली तहान साखरेनेच भागवणं चाललं होतं. आणि रात्री? रात्री चार-पाच वेळा उठावं लागे. संडास मजल्याच्या टोकाला, मधल्या बोळातला दिवा गेलेला, एकदा पाय घसरलेला. सुनेची झोपमोड नको म्हणून आजींनी संध्याकाळनंतर पाणीच बंद केलं. लघवी तर कमी होणार नव्हती, शरीर आतलं पाणी काढून देतच होतं. रक्त घट्ट होत गेलं.

मी दर महिन्याला त्यांना विचारायचे, "गोळ्या घेता ना?" आणि त्या "व्हय" म्हणायच्या. रात्री किती वेळा उठता, संडासात उजेड आहे का, सोबत कोण येतं, हे मी आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं. आता चाळीतल्या प्रत्येक म्हातारीला विचारते. काहीजणींना हा आगाऊपणा वाटतो. बोळातला दिवा मात्र सुनेनेच कुणाला न विचारता लावून घेतला.

हात आजींचा नव्हता, आजाराचा होता, हे तिला मी दाखल केलं त्याच दिवशी सांगितलं होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी उगीच तीन दिवस अबोला धरला." इन्सुलिनची सुई द्यायला नंतर तीच शिकली. घरचा फ्रिज बिघडलेला, म्हणून इन्सुलिनची कुपी शेजारच्या खोलीतल्या फ्रिजच्या दारात, आणि रोज सकाळी साडेसातला शेजारीण "औषध घेऊन जा गं" म्हणून हाक मारायची. ज्या शेजारणीने नाटक म्हटलं होतं, तीच.

या भागात शुगरची गुंतागुंत आणखी एका वाटेने येते. आमच्या इथे पालिकेचं क्षयरोग रुग्णालय आहे, त्यामुळे टीबीच्या गोळ्या चालू असलेली माणसं माझ्याकडे सर्दी-खोकल्याला सहज येतात. मधुमेह असला की टीबीचा धोका सुमारे तिप्पट होतो. शिवाय टीबीवरचं रिफाम्पिसिन शुगरच्या काही गोळ्यांचा जोर कमी करतं. औषधांचा आणि शुगरचा असा गुंता टीबीपुरताच नाही. २०२२ मध्ये कॉटन ग्रीनच्या गोदामात गोण्या उचलणारा पन्नाशीचा एक गृहस्थ आला. ओठाचा कोपरा आणि उजवा अंगठा ठराविक ठोक्याने उडायचा, थांबायचाच नाही. हा कोरिया नव्हता, ही फिट होती, मेंदूच्या एका कोपऱ्यातली. दुसरीकडे कुठेतरी त्याला फिटचं औषध फेनिटॉइन सुरू केलं होतं, आणि ते इन्सुलिन स्रवण्याला थोडी आडकाठी करतं. साखर ५३० निघाली. ती उतरली तसा अंगठा थांबला. त्याचा माझ्यावर भलताच विश्वास बसलाय, आता गुडघ्यालाही माझ्याकडेच येतो.

आजी नऊ दिवसांनी घरी आल्या. जुलैत हात दिवसातून काही तास उडायचा. ऑगस्टच्या मध्यापर्यंत थकल्यावर आणि राग आल्यावरच. मुलगा म्हणायचा, आईला राग आलाय ते आता हातावरून कळतं. त्या वर्षी गणपती २ सप्टेंबरला होते, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच त्या चतुर्थीला गावी गेल्या नाहीत. डिसेंबरात पुन्हा एमआरआय काढला. डाग फिकट झाला होता, पण होता. त्यांनी तो फिल्मवर बोट ठेवून दाखवायला लावला आणि विचारलं, "ह्यो डाग धुतल्यार जायत मां?" मी म्हटलं, वेळ लागेल.

गेल्या महिन्यात त्या उपाशीपोटीची शुगर द्यायला आल्या होत्या. आकडा १३८, त्यांच्या वयाला चालण्यासारखा. मी कागदावर लिहीत होते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, डावा हात मांडीवरून उठला, डोक्याकडे गेला, पदराचा काठ धरून पुढे ओढला. माझं पेन थांबलं. मी मान वर न करता वाट बघत राहिले, दुसऱ्यांदा उठतो का. अर्धं मिनिट गेलं असेल.

"बगतास काय बाय," आजी म्हणाल्या, "पदर पडलो होतो."